झोपेच्या खोबऱ्याची वाटणी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मराठीत झोपेविषयी दोन वाक्प्रचार मोठे नामी आहेत. एक, 'रात्रीचा दिवस करणं' आणि दुसरा, 'झोपेचं खोबरं होणं'. पहिला आपण कष्टाळू माणसाच्या कौतुकासाठी वापरतो, दुसरा वैतागलेल्या माणसाच्या तक्रारीसाठी. पण ज्या घरात नुकतंच बाळ आलं आहे, तिथं हे दोन्ही एकाच वेळी आणि अगदी शब्दशः खरे होतात. बाळ रात्रीचा दिवस करतं आणि घराच्या झोपेचं खोबरं होतं.

खोबरं म्हटलं की आपल्याकडे ते वाटायचं असतं. नारळ फुटला की प्रत्येकाच्या हातावर एकेक तुकडा पडतो. झोपेचं हे खोबरं मात्र बहुतेक घरांत कुणी वाटत नाही. सगळंच्या सगळं एका माणसाच्या पदरात पडतं आणि ते माणूस म्हणजे बाळंतीण. आज मला त्या वाटणीविषयीच बोलायचं आहे. नवजात बाळ घरात असताना पूर्वीसारखी झोप मिळणार नाही, हे तर ठरलेलंच आहे. प्रश्न एवढाच, की जी झोप बुडणार आहे ती कुणाची आणि किती बुडावी?

आधी बाळाची बाजू समजून घेऊ, कारण घरात सगळ्यात जास्त आरोप त्याच्यावरच होतात. 'फार रडका आहे', 'रात्री मुद्दाम जागतो', 'हातावरची सवय लावून घेतली आहे' वगैरे. वस्तुस्थिती अशी, की नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं. म्हणजे झोप त्याला आपल्यापेक्षा दुप्पट मिळते. फक्त ती सलग नसते. त्याचं पोट अगदी लहान, आईचं दूध पचायला हलकं, त्यामुळे दर दोन-तीन तासांनी भूक लागते. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. ही भूक घड्याळ बघत नाही. दुपारी दोनला जी लागते तीच रात्री दोनला लागते.

दुसरं म्हणजे, दिवस कुठला आणि रात्र कुठली हे ओळखणारं शरीरातलं घड्याळ बाळ जन्मतः पूर्ण घेऊन येत नाही. ते जुळायला दोन-तीन महिने लागतात. रात्रीच्या आईच्या दुधात झोप आणणारं मेलाटोनिन हे द्रव्य असतं, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसतं. निसर्गानं अशी थोडी मदत ठेवली आहे. आपणही करू शकतो. दिवसा खिडक्या उघड्या ठेवाव्यात, घरातला नेहमीचा आवाज चालू द्यावा. रात्री दिवा मंद, बोलणं हळू, आणि पाजताना खेळवणं बंद. एवढ्यानं बाळ लगेच रात्रभर झोपेल असं नाही, पण दिवस-रात्रीतला फरक त्याच्या लवकर ध्यानात येतो.

बाळाच्या झोपेतली एक गंमत सांगतो. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की नावाचा एक विद्यार्थी झोपेचा अभ्यास करत होता. त्याचे गुरू नॅथॅनियल क्लाइटमन यांनी त्याला झोपलेल्या तान्ह्या बाळांचे डोळे पाहत बसायच्या कामाला लावलं. पाहता पाहता त्याच्या लक्षात आलं, की झोपेत डोळ्यांची हालचाल कधी थांबते, कधी चालू राहते. पुढे मोठ्या माणसांवर प्रयोग झाले आणि १९५३ साली या दोघांनी, पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात अशा झोपेचा शोध जाहीर केला. आज आपण स्वप्नांची झोप म्हणतो ती हीच. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप या जातीची असते. त्यात ते हसतं, तोंड वेडंवाकडं करतं, कण्हतं, हातपाय झाडतं, कधी एखादा हुंदकाही देतं. पण ते जागं नसतं. आपण मात्र 'उठलं गं उठलं' म्हणून धावत जातो, उचलतो आणि त्याला खरंच उठवतो. म्हणून बाळानं पहिला आवाज केला की मिनिटभर नुसतं पाहावं. बऱ्याचदा ते पुन्हा गाढ झोपी जातं. एवढ्याशा मिनिटानं घराची अर्ध्या-पाऊण तासाची झोप वाचते.

आता रडण्याविषयी. तिन्हीसांजेला बाळ रडायला लागलं की आपल्याकडे दृष्ट काढतात. हिंदू घरात मीठ-मोहरी, आमच्या मुस्लिम घरांत लाल मिरच्या ओवाळून नजर उतरवतात. पद्धत वेगळी, काळजी तीच. टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञानं १९६२ साली ८० बाळांच्या रडण्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यात दिसलं, की निरोगी बाळाचं रडणं पहिले काही आठवडे वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत पोचतं आणि मग आपोआप उतरत जातं. त्यातलं पुष्कळसं रडणं संध्याकाळचंच. म्हणजे आपल्या आज्यांचं निरीक्षण अचूक होतं, वेळसुद्धा बरोबर होती. मिरच्या ओवाळायला माझी हरकत नाही, पण धूर मात्र बाळाच्या खोलीत नको. आणि आईचं दूध पुरत नाही, तिनं काहीतरी खाल्लं, तिला सांभाळता येत नाही, असे आरोप त्या वेळी तिच्यावर करू नयेत. सहावा आठवडा सगळ्यांच्याच घरी येतो.

रडणाऱ्या बाळाला निजवायचं कसं, यावर जपानमधल्या रिकेन या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली एक साधा उपाय मांडला. बाळाला छातीशी धरून पाच मिनिटं न थांबता चालायचं. ते झोपलं की लगेच खाली ठेवायचं नाही. पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसायचं आणि मगच अंथरुणावर ठेवायचं. लगेच ठेवलं तर बाळ जागं होतं, हे प्रत्येक आईला माहीत आहे. आता त्याला प्रयोगाचा आधार मिळाला. मला या उपायातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की चालण्यासाठी दूध लागत नाही. ते काम बापालाही जमतं. आपल्याकडे बाप प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात येरझारा घालताना दिसतो. खऱ्या उपयोगाच्या येरझारा घरी आल्यावर घालायच्या असतात.

इथं मी मूळ मुद्द्याकडे येतो. झोप कुणाची बुडते? जर्मनीत हजारो आईबापांची वर्षानुवर्षं माहिती गोळा करून केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. बाळ झाल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आईची झोप रोज सरासरी एक तासानं कमी झाली, बापाची साधारण पंधरा मिनिटांनी. आणि मूल सहा वर्षांचं होईपर्यंत दोघांचीही झोप पूर्वीइतकी झालेली नव्हती. हा जर्मनीचा हिशेब आहे. आपल्या घरांत बापाची पंधरा मिनिटं तरी जातात का, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

एक तास काही फार नाही, असं कुणाला वाटेल. पण तो तास एका टोकानं कापलेला नसतो. रात्रभर ठिकठिकाणी भोकं पडलेली असतात. सात तास अंथरुणात काढूनही सलग दोन तास झोप नाही, अशी ती अवस्था. न झोपलेलं माणूस कसं वागतं, याचा एक प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. १९९७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सलग १७ तास जागलेल्या माणसाचा मेंदू आणि हात इतके मंदावतात, जणू त्यानं दारू घेतली आहे. रक्तात ०.०५ टक्के दारू असताना जे होतं, ते नुसत्या जागरणानं होतं. अशा अवस्थेत माणसानं गाडी चालवू नये असं आपण म्हणतो. मग अशा अवस्थेत चाळीस दिवसांच्या जिवाला आंघोळ घालावी, गॅसवर दूध तापवावं, जिना उतरावा, हे एकट्या बाईकडून आपण कसं अपेक्षितो?

जुन्या माणसांना हे कळत होतं. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना कामाला हात लावू देत नसत. आमच्याकडे त्या चाळीस दिवसांना छिल्ला म्हणतात. या काळात बाळंतिणीला नमाज माफ असते आणि रोजेही नंतर ठेवायची मुभा असते. थोडा विचार केला तर ही केवढी मोठी गोष्ट आहे! जिथं खुदानंच तिला रजा दिली आहे, तिथं सासूनं, नवऱ्यानं, दिरांनी ती नाकारावी, हे कुठल्या धर्मात बसतं? हिंदू घरांत सोयर आणि विटाळाच्या नावानं तिला बाजूच्या खोलीत ठेवत. विटाळाची कल्पना टाकूनच द्यायला हवी. पण त्या निमित्तानं स्वयंपाकघरातून जी सुटी मिळे, ती मात्र टाकू नये. विटाळ गेला आणि सुटीही गेली, असं आज पुष्कळ घरांत झालं आहे.

पाचवीची पूजा आठवा. पाटा-वरवंटा मांडायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते अशी समजूत. त्या रात्री घरातल्या बायका जाग्या राहत. श्रद्धा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. बाळासाठी रात्र जागवणं हे सगळ्यांचं काम आहे, एकटीचं नव्हे, हे त्या रीतीत गृहीत धरलेलं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी करण्यातही हाच सुज्ञपणा होता. आई, मावशी, वहिनी, शेजारची म्हातारी, कुणीतरी बाळ उचलून घ्यायला असायचंच. या व्यवस्थेत एक खोट मात्र होती. बाप त्या काळात दुसऱ्या गावी असायचा. रविवारी पेढे नाहीतर झबलं-टोपडं घेऊन यायचा, बाळाकडे बघायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. तीन महिन्यांनी बायको-बाळ घरी आले की त्याला पहिल्यांदा कळायचं, की बाळ रात्री रडतं. तोवर 'हे बायकांचं काम' असं त्याच्या मनात पक्कं झालेलं असायचं. आता माहेरही दोन खोल्यांचं झालं, आईही नोकरी करते आणि मावशी दुसऱ्या शहरात राहते. लेक अमेरिकेत असेल तर आई-वडील व्हिसा काढून सहा महिने तिकडे जातात. ते परतले की मागं दोघंच उरतात. म्हणजे आता दुसरा माणूस म्हणून जो काही आहे, तो बापच आहे.

झोप मोडली तरी माणूस ती आनंदानं सोसतो, हेही मी दरवर्षी पाहतो. रमजानचा महिना घ्या. रात्री तरावीहची नमाज आटोपून घरी यायला उशीर होतो, झोपायला अकरा-बारा वाजतात. पहाटे सहरीला उठायचं. मग फजरची नमाज, त्यानंतर जमलं तर थोडी झोप आणि दुपारी कैलूला म्हणजे वामकुक्षी. एकूण झोप तुकड्यातुकड्यांनी होते. तरी त्या महिन्यात घर चिडचिडं होत नाही. का? कारण सगळं घर एकदम उठतं. आजोबा उठतात, शाळकरी पोरं हट्टानं उठतात, मोहल्ला जागा असतो. सहरीची चूल पेटवायला तिथंही बाईच सगळ्यांच्या आधी उठते, हे मान्य करायला हवं. पण निदान त्या वेळी ती एकटी जागी नसते, आणि दुपारी तिच्या झोपेत कुणी व्यत्यय आणत नाही. बाळंतिणीचं दुःख नुसतं झोप मोडण्याचं नाही. रात्री तीन वाजता सगळं घर घोरत असताना आपणच तेवढे जागे आहोत, हे ते दुःख आहे.

आणि जिथं रात्र वाटून घ्यायला कुणीच नसतं, तिथं काय होतं, हे आपल्या मुंबईनंच पाहिलं आहे. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी मुंबईतल्या गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणांची पाहणी केली. त्यांना आढळलं, की या बायकांच्या जवळजवळ सगळ्या तान्ह्या मुलांना अफू दिली जात होती. बाळागोळी म्हणत त्या गोळीला. आई दिवसभर गिरणीत उभी. घरी बाळ सांभाळायला कुणी म्हातारी, नाहीतर सात-आठ वर्षांची पोर. मग बाळ गप्प झोपावं म्हणून गोळी. रात्रीही गोळी, कारण पहाटे भोंगा वाजायच्या आत आईला उठायचं असे. त्या आया काही क्रूर नव्हत्या. त्यांना झोप विकत घ्यावी लागत होती आणि बाजारात तीच एक स्वस्त मिळत होती.

याच काळात बाळंतपणाच्या भत्त्याची मागणी पुढे आली. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. पुढे मुंबई विधिमंडळात असं विधेयक आलं तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. संपूर्ण देशासाठी १९६१ साली झाला आणि २०१७च्या दुरुस्तीनं पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. बाळंतिणीची झोप ही घरगुती गोष्ट वाटते खरी, पण तिच्यासाठी विधिमंडळात भांडावं लागलं आहे.

हा कायदा आजही सगळ्यांपर्यंत पोचलेला नाही. ऊसतोडीला गेलेली बाई आठ-पंधरा दिवसांच्या बाळाला झोळीत ठेवून पुन्हा फडात उभी राहते. तिला पहाटे अंधारातच उठायचं असतं. धुणी-भांडी करणाऱ्या बाईची घरं रजेवर गेली की हातची जातात. बापाच्या रजेचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या नोकरांना पंधरा दिवस मिळतात. बाकी बहुतेकांना ती मालकाच्या मर्जीवर. रिक्षा चालवणाऱ्याला तर मालकही नाही. अशा घरांना मी 'दुपारी बाळाबरोबर झोपा' असं सांगितलं तर ती थट्टा होईल. त्यांच्यासाठी शेजार आणि समाज यांनीच काही केलं पाहिजे. शेजारणीनं दुपारी दोन तास बाळ सांभाळलं, तर ते बारशाच्या आहेरापेक्षा मोठं आहे.

ज्यांना शक्य आहे त्यांच्यासाठी वाटणीची एक साधी पद्धत सांगतो. आमच्या घरी आणि ओळखीच्या काही घरांत ती चालली आहे. दूध आईनंच पाजायचं हे खरं. पहिले सहा महिने फक्त आईचंच दूध, असा जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे. पण पाजणं सोडून बाकी सगळं दुसऱ्याला करता येतं. बाळ उचलून आणणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा निजवणं. रात्री नऊला पाजून आईनं सरळ झोपायचं. जेवण त्याआधीच. नऊ ते बारा बाळ बापाकडे. बाराच्या सुमारास त्यानं बाळ आईजवळ आणून द्यायचं, पाजून झालं की पुन्हा न्यायचं. रात्रीच्या मधल्या एक-दोन वेळा आईच्या. पहाटे पाचच्या पाजण्यानंतर बाळ आजी-आजोबांकडे, कारण त्यांची झोप तशीही तेव्हा संपलेली असते. आमच्यात फजरला उठणारे असतातच, इतर घरांत काकडआरतीला, नाहीतर फिरायला जाणारे. मग आईनं सात-साडेसातपर्यंत झोपायचं. असे अडीच-तीन तासांचे दोन सलग तुकडे मिळाले तरी दिवस उजाडल्यावर तिचा चेहरा वेगळा दिसतो. बापाला सकाळी कामावर जायचं असतं, विशेषतः त्याचं काम गाडी चालवण्याचं असेल, तर त्याच्या वाट्याचे बारा ते सहा त्याला सलग मिळाले पाहिजेत. वाटणी याचा अर्थ सगळे मिळून जागत बसणं नव्हे. एक जागा असताना दुसऱ्यानं निर्धास्त झोपणं, हा आहे.

भेटायला येणाऱ्यांनाही एक विनंती. बाळ बघायला दुपारी दोन ते चार जाऊ नका. फोन करून जा, पंधरा मिनिटं थांबा, चहाची वाट पाहू नका. जमलं तर एका वेळची भाजी-भाकरी घेऊन जा. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू छानच, पण लाडवानं झोप भरून येत नाही.

आता काही गोष्टी सुरक्षिततेच्या. जागरणानं थकलेल्या घरात नेमकं याकडे दुर्लक्ष होतं. बाळाला झोपवताना नेहमी पाठीवर झोपवावं, पालथं किंवा कुशीवर नाही. १९९०च्या दशकात ब्रिटन-अमेरिकेत हा एवढाच संदेश घरोघरी पोचवला, तर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. अंथरूण सपाट आणि घट्ट असावं. मऊ गाद्या, जाड गोधड्या, लोड-उशा, राईची उशीसुद्धा, बाळाजवळ नको. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीतच झोपतं. पण त्या अंथरुणात दारू प्यालेलं, विडी-सिगारेट ओढणारं, किंवा झोपेची गोळी घेतलेलं माणूस असता कामा नये. बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर डुलकी काढणं तर फारच धोक्याचं. त्यापेक्षा बाळ वेगळ्या अंथरुणावर पण आपल्याच खोलीत, हाताच्या अंतरावर असलेलं बरं.

झोपेसाठी बाळाला कसलंही औषध देऊ नये. बाळागोळी गेली, पण तिची जागा सर्दी-खोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या औषधांनी घ्यायला नको. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, अशी सूचना केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्व राज्यांना केली आहे. उलट पहिल्या दिवसांत बाळ तीन-चार तासांपेक्षा जास्त झोपून राहिलं तर पाजण्यासाठी त्याला उठवावं लागतं. उठवूनही उठत नाही, दूध ओढत नाही, अंग तापलेलं किंवा गार पडलेलं आहे, धाप लागली आहे, तर ती शहाण्या बाळाची झोप नव्हे. ताबडतोब दवाखाना गाठावा.

आणि एखाद्या रात्री बाळ थांबतच नाही, आपला तोल जातो आहे असं वाटलं, तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर ठेवावं आणि पाच मिनिटं खोलीबाहेर जाऊन पाणी प्यावं. बाळाला रागानं हलवणं, गदागदा झुलवणं यानं मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पाच मिनिटं रडल्यानं काही होत नाही.

शेवटचा मुद्दा मनाचा. बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस उगाच रडू येणं, हळवं होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि ते निवळतं. पण दोन आठवडे उलटूनही मन उदास आहे, कशातच रस नाही, बाळ झोपलं तरी हिला झोप येत नाही, स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात, तर तो आजार आहे. त्यावर उपचार आहेत. भारतातल्या ३८ अभ्यासांचा, २० हजारांहून अधिक आयांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात साधारण २२ टक्के बायकांमध्ये अशी लक्षणं आढळली. म्हणजे पाचातली एक. आपण तिला 'बाळ झालंय, आनंदात राहा' असं सांगून गप्प करतो. गावात आशाताई बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन त्या पाहतातच. घरच्यांनी त्यांना बाळंतिणीच्या झोपेविषयीही मोकळेपणानं सांगावं. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

मी कविता लिहितो, तेव्हा जाता जाता कवितेविषयी थोडं. जगातल्या प्रत्येक भाषेत अंगाई आहे. आमच्या दख्खनीत विजापूरकडच्या सूफींच्या परंपरेत चक्कीनामा होता, तसा लोरीनामाही होता. बाई जात्यावर दळताना जशी ओवी, तशी पाळणा हलवताना लोरी. त्यातून ईश्वराचं नावही बाळाच्या कानात जाई. पण या अंगाया ऐकताना मला नेहमी एक गोष्ट खटकते. सगळ्या बाळाला म्हणतात, तू झोप. चंद्राला, वाऱ्याला, चिमण्यांना, साऱ्यांना गप्प राहायला सांगतात. गाणाऱ्या आईला मात्र 'आता तूही झोप' असं कुणी म्हणत नाही. तिचे डोळे मिटत असतात आणि हातातली पाळण्याची दोरी हलत असते.

ती ओळ कवींनी लिहावी की नाही, ते कवी पाहतील. घरातल्या माणसांना मात्र ती आज रात्रीच म्हणता येईल. तिच्या हातातली दोरी आपल्या हातात घ्यायची आणि म्हणायचं, 'दे इकडे. मी आहे जागा. तू झोप.'